हॅनिबालची दवंडी

सभेचे अध्यक्ष, ऑनररी मॅजिस्ट्रेट रावसाहेब रंगराव. मेहकरहून दमणीचे धक्के सोसून आलेले पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती नारायणराव मास्तर. पडद्यापलीकडच्या मास्तरांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई आणि समस्त मातृवर्ग. तसेच भिंतीला टेकायला मिळावं म्हणून वेळेआधी आलेल्या ग्रामस्थ बंधूंनो,

मास्तरांविषयी चार गौरवाचे शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. गावात टवाळखोर म्हणून माझी ख्याती असताना हे काम मला का दिलं? माझा तर्क असा की, ज्यांना गंभीरपणे बोलता येतं त्यांना आज मास्तरांच्या तोंडाकडे पाहवत नाही. मलाही पाहवत नाही. मी आपला त्यांच्या पागोट्याकडे पाहून बोलतो.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. रविवारी बाजार उठला की शाळेच्या ओट्यावर मास्तरांची जर-तरची सभा भरायची. विषय एकच, रोम. आता रोमचं आणि आपलं नातं काय? मास्तर म्हणत, घरच्या भांडणात मन मोकळं करता येत नाही, म्हणून शेजाऱ्याचं भांडण घ्यावं. शेजारी मेलेला असला तर फारच उत्तम. गोष्ट ऐन पेचावर आणून ते थांबायचे आणि विचारायचे, "आता तुम्ही असता तर?" मग तांब्या फिरायचा. ज्वारीचा दाणा म्हणजे होकार, उडदाचा म्हणजे नकार. जो ठराव होईल तो खरा धरून मास्तर पुढचं रोम रचत. सीझरच्या बायकोला वाईट स्वप्न पडलं, तिनं त्याला दरबारात जाऊ नको म्हटलं. आपल्या उकंडराव शेटजींनी छातीवर हात मारून सांगितलं, "बाई नाही म्हंते ना? मंग कायले जाते बे? घरीच बस!" ठराव एकमतानं झाला. परिणामी आपल्या गावात सीझर म्हातारा झाला, संधिवातानं कण्हत जगला आणि सुनांची तक्रार करत मेला. मास्तरांनी ते मरण इतकं सुरेख सांगितलं की लोक कुणाच्या तरी मातीला जाऊन आल्यासारखे घरी गेले.

आपलं वऱ्हाड कसं, मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची आणि कारभार नागपुरास. अशा मुलखातल्या माणसाला जर-तर शिकवावं लागत नाही, नुसतं तोंड उघडायला सांगितलं की पुरे. ते मास्तरांनी सांगितलं. हा त्यांचा गौरव.

आता त्या रविवाराकडे वळतो. रावसाहेब, आपण घड्याळ पाहता आहात. मी लवकर आटपतो, पण वगळत नाही.

त्या रविवारी कॅनीची लढाई होती. हॅनिबाल नावाच्या कार्थेजच्या सेनापतीनं रोमची अख्खी फौज कापून काढली होती. घोडदळाचा सरदार म्हणतो, आत्ताच रोमवर चला. हॅनिबाल थांबतो. मास्तरांनी विचारलं, "थांबावं की जावं?" निवृत्ती पाटलांनी शंका काढली, "मास्तर, घोड्याले चारा कोठून देईन तो?" उकंडराव कडाडले, "जितला माणूस चाऱ्याचा इचार करते काय? जाऊ दे त्याले!" तांब्या ओतला तर सगळी ज्वारी. एकच दाणा उडदाचा, तो चाऱ्याचा.

आणि आपल्या गावची रीत काय? ठराव झाला की दवंडी. बांधाचा असो, भंडाऱ्याचा असो, दवंडी झाल्याशिवाय ठराव ठराव नाही. मी म्हणालो, "मग ह्याची नको?" सगळे हसले. पुंजाजी कोतवाल समोरून जात होता. त्याला बोलावून मजकूर मी घातला. आणि त्यानं तो भर चावडीपुढं डफावर थाप मारून गावाला ऐकवला, "ऐका हो ऐका! सभेत ठराव झाला हाये! हॅनिबालनं आता दम खाऊ नये, फौज घेऊन राजधानीवर चालून जावं हो!"

ते जंगल सत्याग्रहाचे दिवस. सरकारी कुरणातलं गवत कापलं तरी माणूस आत. दुसऱ्याच दिवशी पोलीस आले आणि पहिला सवाल, "हॅनिबाल कोन्या गावचा? पिंपळगाव राजाकडचा तं नव्हे?" आपण हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही.

चौकशी रावसाहेबांच्या बंगल्यावर झाली. उकंडराव म्हणाले, "साहेब, रोम कोठं हाये तेबी आपल्याले ठाव नाही." ज्यांनी सीझरला घरी बसवला ते हे उकंडराव! निवृत्ती पाटील बैलांना दम द्यायला ओट्यापाशी थांबत असत म्हणे. मी म्हणालो, मी वाचनालयाचा चिटणीस, मला फक्त कंदील लावण्यापुरतं तिथं काम. मग पुंजाजीला विचारलं, मजकूर कुणी दिला? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी रावसाहेबांच्या गालिच्याची नक्षी पाहू लागलो. फार सुबक गालिचा आहे. तेवढ्यात मागून मास्तर म्हणाले, "शब्द माझे होते."

महिन्याच्या आत हुकूम आला. बदली मंडल्यास. तिथली शाळा हिंदी. त्यांची लेक कोकिळा यंदा मराठी सातवीच्या परीक्षेला बसायची होती.

चौकशीनंतरच्या रविवारी मास्तर ओट्यावर बसले, पण ऐकायला कुणी गेलं नाही. गेल्या फक्त आमच्या सोजराबाई. बायकोचं नाव सभेत घेतल्याबद्दल क्षमस्व, पण घरात तिनं माझं जे नाव ठेवलं आहे ते इथं घेता येत नाही. परतली आणि चुलीपुढून म्हणाली, "रोमचा सरदार हरून वापस आला म्हंते. व्हारो नाव त्याचं. दुसऱ्या मुलखात असता तं सुळावर देल्ला असता. पन सारं गाव वेशीबाहेर सामोरं गेलं. म्हने, तू आशा सोडली नाही, तुह्ये उपकार." मी म्हटलं, वा! ती म्हणाली, "वा काय? ते हरल्यावर सामोरे गेले. तुमी तं जितल्यावरही लपले!"

तेव्हापासून माझं एक जर-तर चालू आहे. रोम आपल्या तालुक्यात असतं तर? व्हारो परत आला असता तर आपण काय केलं असतं? शाल दिली असती, श्रीफळ दिलं असतं, ज्यांनी चौकशी केली त्यांनाच अध्यक्ष केलं असतं, आणि स्वागतगीत त्याच्या मुलीकडूनच म्हणवून घेतलं असतं. कोकिळाबाळ, गीत सुरेख म्हटलंस. ऐकणारे त्या लायकीचे नव्हते.

मास्तर, हातानं खुणा करू नका. आज मी बसणार नाही. रावसाहेब, मजकूर माझा होता. मास्तरांचा त्यात काना-मात्राही नव्हता. हे मी आपल्यापुढे साक्षीदारांसह बोलतो आहे आणि उद्या सकाळी बुलढाण्यास जाऊन मोठ्या साहेबांपुढे लिहून देणार आहे. त्यानं बदली फिरेल? ठाऊक नाही. मी आत जाईन? तेही ठाऊक नाही. आणि त्या रविवारी तांब्यात आपलाही दाणा पडला होता, रावसाहेब. उडदाचा एकुलता काळा दाणा तर निवृत्ती पाटलांचा होता, एवढंच म्हणतो.

उकंडराव, जोडे नंतर शोधा. कोण उठलं तिकडे? निवृत्ती पाटील? काय म्हणता? पुन्हा बोला, मागं ऐकू गेलं नाही.

"म्या म्हंतो, एकले काऊन जाता? मीबी येतो. बंडी माही हाये."

ऐकलंत मंडळी? बंडीत जागा भरपूर आहे. मी आग्रह करत नाही. आग्रहानं येणारा माणूस वाटेत उतरतो.

अध्यक्षांनी ऐकून घेतलं, पाहुण्यांनी जांभई आवरली, अन्नपूर्णाबाईंनी आमच्यासारख्यांनाही चहा पाठवला. सर्वांचे आभार मानतो. बोलण्यात काही अधिक झालं असेल तर रावसाहेबांनी उदार मनानं पोटात घालावं. महिनाभर जे बोललो नाही त्याची क्षमा, मास्तर, आज मी मागत नाही आणि तुम्हीही देऊ नका. उद्या बुलढाण्याहून परत येऊ दिलं, तर तुमच्या दारात येऊन मागेन.