दीड वीत मोहरी

मी रतन. आडनाव लिवू नका, बेलबाटमवाला लिवलं तरी चालंल, गुलमंडीपासून सिटी चौकापोत्तर लोक मला त्याच नावानं वळखायचे. आता शहराला संभाजीनगर म्हनतात, पन आमच्या तोंडात औरंगाबादच बसलंय, म्हातारी जीभ हाय, सोडून द्या. जलम माझा इथलाच, भावसिंगपुऱ्यातला. पत्र्याच्या दोन खोल्या, बाप स्टेशनावर हमाल, माय बंगल्यावर भांडे घासायला जायाची. बाप म्हनायचा, आपन दीक्षा घेतली, आता दुसऱ्याचं उतरलेलं अंगाला लावायचं नाय. भितीवरच्या सुटातल्या फोटोकडं बोट दाखवून म्हनायचा. पन लेकरं उघडी फिरतात म्हनल्यावर माय काय करंल, ताई? तिनं एकदा बंगल्यावरनं चड्डी आनली. ती घालून मी शाळेत गेलो तर त्याच बंगल्यातला पोरगा भर वर्गात वरडला, ही माझी चड्डी हाय! आख्खा वर्ग हासला. घरी येऊन मी ती काढून फेकली, बापानं तिचं चुलीजवळचं फडकं केलं, आन मी तवाच ठरवलं की उंद्या मी जे घालीन ते असं घालीन की ह्ये दुसऱ्याचं हाय असं म्हनायची कोनाची बिशाद नाय व्हायची.

मग चिकलठान्याला कंपनीत लागलो. कंपनीत खाकी, सगळे सारखे. तिथं बबन भेटला, पिशोरचा, शेतकऱ्याचं पोरगं, घरची बागाईत, पन ह्येला माती नको, ह्येला हिरो व्हायचंय. पयला पगार घेऊन आमी दोघं सिटी चौकात सत्तारभाईकडं गेलो. सत्तारभाई टेलर, लई खवचट मानूस. कितनी मोहरी रखूँ मियाँ, म्हनला. मोहरी म्हंजी पँटीच्या पायाची खालची रुंदी, ताई. आमी म्हनलो, बाजारात हाय त्याच्याहून जास्त. तर म्हनला, फिर तो एक पँट में तुम दोनों आ जाओ, कपडा बचेगा. असा मानूस. पन पँट शिवली अशी की काय सांगू तुमाला, मांडीला चप्प, गुडघ्याखाली फुललेली, चालताना बूट दिसायचा नाय. वर लांब कॉलरचा जांभळा शर्ट, रुंद बक्कल, कानावर केस. ऐतवारी औरंगपुऱ्यातून चाललो की दुकानदार मापं टाकून बगायचे.

बबनची एक खोड व्हती. भेटला की आधी राम राम नाय, जयभीम नाय, खाली वाकायचा आन माझ्या पँटीच्या मोहरीला वीत लावायचा. एक वीत, आन वर अर्धी. दीड वीत भरली की म्हनायचा, व्हय, रतन्याच हाय. आपलीबी मोजून दाखवायचा. भर रस्त्यात, भर कंपनीच्या गेटवर, माझ्या लग्नात तर भन्तेजींच्या समोर. आमची ही म्हनली, तुमचा दोस्त येडा हाय का? आरशासमोर तुमी माझ्याहून जास्त टाइम लावता आन हा रस्त्यावर पँटी मोजतो, चांगली जोडी जमली. ती बी गेली आता, चार वर्सं झाली असतील.

एकदा बबन मला पिशोरला घेऊन गेला. त्याचा बाप बाजेवर बसलेला. माझा असा झोक बगून म्हातारा उठला, बसा सायेब म्हनला, मी बसलो. मग आडनाव इचारलं. मी सांगितलं. म्हातारा काय वाईट बोलला नाय, फकस्त पान्याचा तांब्या हातात व्हता तो हातातच ऱ्हायला. मला वर्गातली चड्डी आठवली, ताई, खरं सांगतो. मी उठायला लागलो तर बबन्या माझ्या शेजारी दनकन बसला, बापाच्या हातातून तांब्या घेतला, पयले मला देला, मग माझं उष्टं पानी सोता पेला आन बापाला म्हनला, बापू, ह्येची मोहरी बगितली का, दीड वीत हाय. मानूस कसा वळखावा ते मी त्या दिवशी शिकलो.

फ्याशन गेली, निमुळत्या पँटी आल्या, मग ढगळ आल्या, मग फाटक्या आल्या. लोक म्हनले, रतन, आता सोड. कामून सोडू? मी काय लोकांना इचारून घातली व्हती? पोरगा म्हनायचा, पप्पा, शाळेत मीटिंगला येऊ नका, पोरं हासतात. मी जायाचो नाय. आता गुलमंडीवर पोरं मोबाईल घेऊन मागं लागतात, अंकल, एक राउंड मारो ना, रील बनाते. मारतो राउंड. हासतात, निघून जातात, नाव कोनी इचारत नाय. सत्तारभाई मातीआड गेला, दुकानात आता मोबाईलचे कव्हर इकतात. बबन रिटायर झाला आन पिशोरला जाऊन बसला, तिथं धोतर-पायजमा काय मिळंल ते घालायचा, पन मी गेलो की माझ्या मोहरीला वीत लावायचाच. मग माझे गुडघे धरले, ही आजारी पडली, जानं-येनं तुटलं.

मागल्या वर्सी त्याच्या पोराचा, भागवतचा फोन आला. काका, बापू कोनालाच वळखत नाय, मलाबी नाय, तुमी येऊन बगा. पन काका, राग धरू नका, त्या दिवशी माझ्या पोरीला बगायला पाव्हने येनारेत, जरा साधं घालून या. मी म्हनलो, बरं बाबा, पोरीच्या सोयरिकीचा मामला हाय. पोराचा पांढरा शर्ट घातला, काळी साधी पँट घातली, केसाला तेल लावून चापून बसवले. कन्नडला गाडी बदलून पिशोरला गेलो. बबन त्याच बाजेवर. मी समोर उभा. त्यानं मला खालून वर बगितलं, पायाकडं जरा जास्तच बगितलं, आन भागवतला म्हनला, हे पाव्हने कोन? चा द्या त्यांला.

मी म्हनलो, बबन्या, मी रतन. तर हासला, ताई. म्हनला, म्हाताऱ्याची चेष्टा करता का? रतन्या असा ऱ्हातो व्हय? मग जवळ सरकून हळूच म्हनला, तुमी शहरातून आलात ना, तिकडं आमचा रतन ऱ्हातो, लांब कॉलर, मोहरी एवढी, दिसला तर सांगा, बबननं बोलिवलंय. मी व्हय म्हनलो. काय करू? माझाच सांगावा मला देला त्यानं आन मी तो घेऊन येष्टीत बसलो. वेरूळ येईपोत्तर खिडकीकडं तोंड करून रडलो.

पुढच्या ऐतवारी मी कोनाला इचारलं नाय. जांभळा शर्ट, बक्कल, बेलबाटम. दारात भागवतचं तोंड उतरलं, शेजारचे लेकरं खिदळले. मी सरळ बाजेपाशी गेलो आन उभा ऱ्हायलो. बबननं माझ्या पायाकडं बगितलं. मग वाकला आन वीत लावली. एक. मग अर्धी. म्हनला, रतन्या, एवढा उशीर? सत्तारकडं जायचं व्हतं ना? भागवत आत जाऊन रडला, आन भाईर येऊन म्हनला, काका, दर ऐतवारी येत जा. पाया पडला माझ्या.

तवापासून जातो. दर टायमाला तो इचारतो, पँट झाली का शिवून? मी म्हनतो, सत्तार म्हनला उंद्या. तो म्हनतो, लबाड हाय सत्तार. पुढच्या ऐतवारी परत सगळं पयल्यापासून, मी नवा, पँट नवी.

पन पँट नवी नाय ना, ताई. व्हत्या तेवढ्या इरल्या, एकच ऱ्हायली. नवीन शिवायला दोन टेलरकडं गेलो, एक म्हनला काका, असं आता कोन शिवतं, दुसऱ्यानं शिवली तर मोहरी एक वीतबी भरंना. बबनला ती चालनार नाय. म्हनून ही जपतो. रोज घातली तर फाटून जाईल. म्हनून सोमवार ते शनवार मी ही बगा, ही घालतो, पोराची जुनी पँट, त्याला आवळ झाली म्हनून सुनेनं मला देली. उतरलेली. बाप असता तर फडकं केलं असतं तिचं. ही घालून मी गुलमंडीवर गेलो तर पानवाल्यानंबी हाक मारली नाय, तीस वर्सांच्या वळखीचा पानवाला. मी त्याच्यासमोर उभा आन तो मला म्हनतो, बोलो चाचा, क्या होना?

तर असं हाय. आख्ख्या जगात मला वळखनारा एकच मानूस उरलाय, आन त्याला आज कोनता वार हाय ते ठाऊक नाय. पँट आधी जाती का बबन आधी जातो का मी, ते बगायचं. बबन आधी गेला तर तिला रोज घालीन, फाटू दे मग. तुमचं भलं होवो, ताई, दोन घास पोटाला आन नावानं हाक मारनारं एक मानूस तुमाला म्हातारपनी मिळू दे. ती गादी उचलू नका, ऱ्हाऊ द्या. तिच्याखाली पँट ठेवलीय इस्त्रीला, उंद्या ऐतवार हाय.