चौदा घनमीटर

मर्व : आधी स्कोन खा, मग भट्टी दाखवतो.

जिलियन : बाबा, बेंडिगोहून मी स्कोन खायला नाही आले. आईचे पेले कुठायत?

मर्व : आहेत. सहाच्या सहा आहेत. फक्त आता वेगवेगळे नाहीत.

जिलियन : म्हणजे?

मर्व : ये, बघ.

(तो भट्टीचं दार उघडतो. आत वाकलेल्या फरशीवर काचेसारखा चकाकणारा एक तपकिरी गोळा.)

जिलियन : हा तर शेणाचा पो आहे.

मर्व : शेजारचा डग म्हणाला, शहरात प्रदर्शनात ठेवलास तर लोक तिकीट काढून बघतील.

जिलियन : आईनं मातीचे घडवलेले शेवटचे पेले होते ते. तुला नुसते भाजायचे होते.

मर्व : तिच्या वहीतलं अक्षर न् अक्षर पाळलं. 'चौदा घनमीटर गॅस जळला की बंद.' सिलिंडरला मीटर नसतो, तर भंगारातून जुना मीटर आणून बसवला. समोर खुर्ची टाकली. चौदाला बंद. लघवीलाही उठलो नाही.

जिलियन : ती वही बेंडिगोच्या घरातली. तिथे नळाचा गॅस होता.

मर्व : गाव बदललं म्हणून घनमीटर बदलतो?

जिलियन : घनमीटर तोच, उष्णता वेगळी. नळाच्या गॅसच्या एका घनमीटरला एकोणचाळीस मेगाज्यूल मिळतात, सिलिंडरच्या गॅसला पंचाण्णव. अडीच पट जाळलेस तू ते पेले. पावणेसहा घनमीटरला थांबायचं होतं.

मर्व : मीटर सहाच्या आसपास असताना झरोक्यातून पाहिलं होतं मी. सुरेख दिसत होते.

जिलियन : मग बंद का नाही केलास?

मर्व : वहीत चौदा होतं. जन्मभर म्हणायची, 'मर्व, स्वतःची अक्कल लावू नकोस, सांगते तेवढं कर.'

जिलियन : चाळीस वर्षांत एकदा तिचं ऐकलंस. तेही ती गेल्यावर.

मर्व : सातवा पेला उरलाय. आत मावला नाही. तो खिडकीत आहे बघ, कच्चाच. आता आकडा कळलाय, भाजून देतो.

जिलियन : नको.

मर्व : कच्च्यात चहा ओतलास तर चिखल होईल.

जिलियन : (पेला हातात घेऊन) नाही ओतणार. याच्या कानापाशी तिच्या अंगठ्याचा ठसा उठलाय.

मर्व : कुठे? मी पाहिलाच नव्हता. दे जरा.

जिलियन : तिथूनच बघ.