चाळलेला भुसा

(बदलापूर पश्चिम, बेलवली. एका सोसायटीचं क्लब हाऊस. रविवारची दुपार. टेबल टेनिसचं एक टेबल, दोन माणसं.)

मुकेश : बॅट एवढी आवळून धरलीत तर मनगट फिरणार कसं, मॅडम?

उन्नती : सैल धरली की निसटते. तुला माहीत आहे.

मुकेश : मला काय माहीत? मी इथला कोच. तुम्ही डेमोला आलात, मी डेमो देतोय. हाताला घाम फार आहे तुमच्या. बॅटच्या मुठीला टॉवेलची पट्टी गुंडाळा. नॅपकीन कमरेला खोचा, दर सहा पॉइंटला पुसायला मिळतं. आणि रात्री तुरटीच्या पाण्यात...

उन्नती : तुरटी झाली. चहाचं पाणी झालं. ते करंटचं मशीन पण झालं, दोन ट्रेमध्ये पाणी घालून हात बुडवून बसायचं, मुंग्या चावल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाला ऑपरेशन करू, छातीतली नस कापली की हात कोरडे. पण मग पाठ भिजायला लागेल म्हणे. मी म्हटलं राहू दे. हात निदान माझा मला पुसता येतो.

मुकेश : बरं केलंत.

उन्नती : मुकेश, वीस मिनिटं झाली, तू मला मॅडम म्हणतोयस.

मुकेश : मग काय म्हणू? हरिचंद्रशेठची लेक?

उन्नती : नाव होतं मला. तू घ्यायचास.

मुकेश : पार्टनर होतात तेव्हा.

उन्नती : बाबा गेले. दिवाळीच्या आधी.

मुकेश : माहितंय. अंबरनाथ पूर्वेला रिक्षा स्टँडवर बॅनर होता. माझ्या घरापेक्षा मोठा. फोटोत गळ्यातली चेन पण नीट दिसत होती.

उन्नती : बोल. अजून बोल. ऐकायलाच आले आहे.

मुकेश : म्हणजे बाप जायची वाट बघितलीस.

उन्नती : हो.

मुकेश : तोंडावर हो म्हणतेस?

उन्नती : खोटंच बोलायचं असतं तर फोनवर बोलले असते. आणि तू आत्ता मला तू म्हणालास.

मुकेश : तोंडातून गेलं. पत्ता कोणी दिला?

उन्नती : तेजलनं. माझ्या नणंदेची मुलगी, तुझ्याकडे येते बुधवार-शुक्रवार. जेवताना सांगत होती, आमचे सर एकदम येडे आहेत मामी, मॅच संपली की हात मिळवत नाहीत, बॅटला बॅट टेकवतात. आणि कुणाच्या हाताला घाम आला की पावडर नाही देत, लाकडाचा भुसा देतात. माझा घास तसाच राहिला हातात.

मुकेश : कोरोनात सगळी दुनिया बॅट टेकवायला लागली. मी तर आधीपासून टेकवत होतो. तेवढी दोन वर्षं कुणी मला विचारलं नाही, का म्हणून. लय बरं वाटलं.

उन्नती : भुसा कुठून आणतोस? सोमाकाका तर आता...

मुकेश : बाबा गेले कधीच. उल्हासनगरला ते कामाला होते त्या फर्निचरच्या कारखान्यात अजून ओळख आहे. तिथल्या मालकाचा पोरगा बसतो आता गादीवर. सोमाचा मुलगा आला म्हटलं की म्हणतो, ले जा भाई, जितना चाहिए. पाइनचाच घेतो. सागाचा घेतला की हात पिवळे होतात.

उन्नती : एकदा झाले होते माझे. आईला वाटलं हळद.

मुकेश : तेव्हा तू घरी सांगितलंस पावडर बदलली.

उन्नती : तुला तेही लक्षात आहे?

मुकेश : माझी आई पिठाच्या चाळणीनं तो भुसा चाळायची. काडी टोचू नये म्हणून. बाबांच्या जुन्या बनियनचं फडकं धुऊन, वाळवून, त्यात पुरचुंडी बांधायची. आणि तू घरी सांगायचीस पावडर आहे, मेडिकलमधनं आणली. मला काय लक्षात नसणार?

उन्नती : घरी कळलं असतं कुणाच्या घरातलं आहे, तर माझं खेळणं बंद झालं असतं.

मुकेश : झालंच की शेवटी.

उन्नती : ते घरच्यांमुळं नाही झालं.

मुकेश : मग?

उन्नती : गंगूमावशी कशा आहेत?

मुकेश : विषय बदलू नको. आई पण गेली. चार वर्षं झाली. तुला कुठनं कळणार, आमच्याकडे बॅनर नसतो लागत.

उन्नती : मुकेश...

मुकेश : चाळणी आहे. मीच चाळतो. कशाला आलीस ते सांग आता. एवढं भाषण करायला डेमोची अपॉइंटमेंट नसते घेत कोणी.

उन्नती : वेटरन्सची स्पर्धा आहे. ठाण्याला. मिक्स डबल्स पण आहे. आपण बसतो आता त्या वयात. मी फॉर्म आणलाय. माझं नाव लिहिलंय, पार्टनरची जागा कोरी आहे.

मुकेश : नवऱ्याला घे की.

उन्नती : भूपेश कॅरम पण नीट खेळत नाही. चांगला माणूस आहे. लग्नात त्यानं हात धरला, भटजी मंत्र म्हणत होता, आणि हा कानात म्हणाला, घाबरलीस का? मेंदी रंगली नव्हती माझी, ओल्या हाताला चढतच नाही. सगळ्या बायका हसत होत्या. तो बिचारा धीर देत होता. वीस वर्षं झाली लग्नाला. अजून हात धरला की विचारतो, काय झालं, घाबरलीस का? त्याचं काही चुकत नाही. पण तू कधीच विचारलं नाहीस.

मुकेश : काय विचारायचं? घाम होता. दिसत होता.

उन्नती : तेच म्हणतेय. शाळेत पेपर लिहिताना हाताखाली रुमाल, तरी शाई पसरायची. आधारला पाच वेळा बोटं पुसून ठसे दिले. जो तो विचारतो, एवढा घाम कसला, टेन्शन आहे का. तू पहिल्या दिवशी पुरचुंडी टाकलीस माझ्यापुढं आणि म्हणालास, सर्व्हिस कर. बस्स. चार वर्षं त्या एका टेबलापाशी मी कुणाला काही समजावत बसले नाही. नंतर तशी जागा मला कुठं मिळाली नाही. सासरी नाही, ऑफिसात नाही.

मुकेश : आणि मला? मला मिळाली, असं वाटतं तुला?

उन्नती : म्हणून तर आले.

मुकेश : कल्याणची फायनल आठवते?

उन्नती : आठवते. वीस-अठरा शेवटची गेम. अकराची गेम वीसपर्यंत गेली.

मुकेश : त्याच्यानंतरचं विचारतोय.

उन्नती : माझ्या हाताला घाम होता रे. तू हात मिळवलास, मी सवयीनं पुसला. तू मनाला लावून घेतलंस. मी नंतर निरोप पण पाठवला होता, आपल्या हॉलवरच्या बाळाकडून.

मुकेश : सवयीनं?

उन्नती : हो, मला सवयच आहे ना सारखा हात...

मुकेश : चार वर्षं तुझ्या डाव्या बाजूला उभा होतो मी. तुझ्या हाताची सवय तुझ्यापेक्षा मला माहितंय. सर्व्हिसच्या आधी भुसा. पॉइंट हरलीस की नेटजवळ टेबलावर हात घासायचीस. आणि कुणाला हात द्यायचा असला की आधी पुसायचीस. घाईघाईनं, फ्रॉक असला तर फ्रॉकला, नाहीतर माझ्या टी-शर्टला. समोरच्याला ओला लागू नये म्हणून. आधी! नंतर कधीच नाही. त्या दिवशी समोरची जोडी, अंपायर, रेफ्री, सगळ्यांना आधी पुसून दिलास. मला दिलास आणि नंतर पुसलास. आता बोल. सवय? ऐकायला आली होतीस, आता मी ऐकतो.

उन्नती : बाबा बघत होते.

मुकेश : हां.

उन्नती : पहिल्यांदाच आले होते मॅच बघायला. दोन्ही काका, गावची माणसं, जीप भरून. गुलाल घेऊन आले होते. तू हात पुढं केलास, मी दिला. बाबा काही बोलले नाहीत. नुसतं माझ्या हाताकडं बघितलं. ताटात माशी पडल्यावर बघतात तसं. आणि मी नॅपकीन काढला. पुसताना मला कळत होतं मी काय पुसतेय. म्हणून तर तुझ्याकडं बघितलं नाही.

मुकेश : जयभीमवाल्याचा हात लागला, पोरीनं पुसला, बापाच्या जिवात जीव आला.

उन्नती : हो.

मुकेश : मग गुलाल उडाला.

उन्नती : उडाला. माझ्या हातावर चिकटून बसला. तीन दिवस निघाला नाही.

मुकेश : मी काय केलं माहितंय? कप टाकून निघालो. एस.टी. स्टँडवर नळाखाली हात धुतला. मग वास घेऊन बघितला. स्वतःचा हात, साला, स्वतः हुंगून बघितला. बाबासाहेबांचा फोटो ज्या घरात मोठा झालो त्या घरातला पोरगा, वीस वर्षांचा, हात हुंगतोय. तुझ्या बापानं नाही करायला लावलं ते. त्यांच्याकडनं मला अपेक्षाच नव्हती. तू लावलंस.

उन्नती : मी.

मुकेश : त्याच्यानंतर कुणाला हात द्यायचा म्हटलं की आधी माझं लक्ष त्याच्या दुसऱ्या हाताकडं जातं. नॅपकीन काढतो का. म्हणून बॅट टेकवतो. पोरांना वाटतं स्टाइल आहे.

उन्नती : नागपूरला स्टेटला आपली जोडी लागली होती. माझी बॅग भरलेली होती. तू येणार नाहीस हे माहीत असून भरली होती. नंतर सहा महिने ती तशीच होती कपाटावर. लग्नाच्या खरेदीला लागली तेव्हा रिकामी केली. आत पुरचुंडी होती. भुशाला कुबट वास येत होता. मी टाकली नाही. आईनं टाकली.

मुकेश : माफी मागायची असेल तर मागून घे आणि जा. मी देईन की नाही सांगत नाही.

उन्नती : नाही मागत. माफी मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल. मला खेळायचंय. तुझ्याबरोबर. एवढंच आहे, आणि ते मागायचा मला हक्क नाही हे पण माहितंय. आपला हॉल बघायला गेले होते मागच्या आठवड्यात. पाडला. टॉवर उठतोय. वॉचमनला विचारलं, टेबल होतं इथं. तो म्हणाला भंगारात गेलं.

मुकेश : अर्धं.

उन्नती : काय?

मुकेश : अर्धं भंगारात गेलं. अर्धं माझ्याकडं आहे. टेम्पोत तेवढंच मावलं. आई त्याच्यावर पापड वाळवायची. आता गॅलरीत उभं करून ठेवलंय, कबुतरं हगतात.

उन्नती : कुठलं अर्धं?

मुकेश : कुठलं म्हणजे? ज्याच्यावर नेटजवळ रंग उडालाय ते. हात घासून घासून पांढरं केलं होतंस. तळव्याएवढं. पुसलं तरी जात नाही.

उन्नती : ते अर्धं तू निवडून...

मुकेश : टेम्पोवाल्यानं विचारलं कुठलं घेऊ. मी बोट दाखवलं. जास्त विचार नको करू.

उन्नती : नाही करत.

मुकेश : त्या कपाटात, डावीकडच्या खणात बघ. वरच्या.

उन्नती : ...पुरचुंडी. बनियन कुणाची?

मुकेश : माझी. धुतलेली आहे.

उन्नती : मी विचारलं नव्हतं धुतली का म्हणून.

मुकेश : नाही विचारलंस. बरोबर.

उन्नती : वास तसाच आहे.

मुकेश : पाइनचा दुसरा कसला येणार? टेबलावर सांडू नको, इथली सेक्रेटरी ओरडते. बॅट सैल धर. सैल. निसटली तर निसटू दे, काय मरत नाही कोणी.

उन्नती : आणि फॉर्म?

मुकेश : राहू दे तिथं. अकराची एक गेम खेळ आधी. पाय हलतात का बघू दे तुझे, की फक्त जीभ हलते.

उन्नती : मुकेश, हा हात घे. भुसा लावलेला नाही. पुसलेला पण नाही.

मुकेश : ओला आहे.

उन्नती : आहे.

मुकेश : हात गेम संपल्यावर देतात, उन्नती. सर्व्हिस कर.