काका, तुम्हाला लागेल!

अहो, लागावं म्हणूनच तर उभा आहे ना मी आइस हॉकीच्या गोलात! पायांना गाद्या, छातीला गादी, तोंडावर जाळी... हे काय लग्नाला जायला घातलंय? पण शंतनूला कोण सांगणार! तुम्हाला सांगतो, समोरून दोन गडी सुटले, अडवायला आमचा शंतनू एकटा आणि त्याच्या मागं गोलात मी, की हा वळून ओरडणार, ‘काका, तुम्हाला लागेल!’ आणि येऊन माझ्याच पुढ्यात आडवा उभा! मग मला दिसतं काय? शंतनूची पाठ! ती काळी चकती कुठंय, मारणारा कुठंय... नुसती पाठ! तेवढ्यात मारणारा दुसऱ्याला अलगद पास देतो, तो मोकळाच असतो, झाला गोल! वर हा विचारणार, ‘काका, लागलं नाही ना?’ मी काय म्हणालो? काहीच नाही.

म्हणणार कसं हो? माझी कंबर वाकत नाही, तर हाच पोरगा गुडघ्यावर बसून माझ्या स्केट्सच्या नाड्या बांधतो. त्याचे वडील राहिले नागपुरात, म्हणून सगळी काळजी माझ्यावर काढतो.

मी इथला जुना माणूस. शाळा थोडकीच. बहिणीनं इथं अमेरिकेत, श्रूजबरीला बोलावलं, आलो, रिंकवर बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवली, तिथंच पडत-उठत स्केटिंग शिकलो. मग ही रविवारची टीम आली, सगळे कॉम्प्युटरवाले, आणि गोलात उभं राहायला एकही तयार नाही! ‘काका, तुम्ही नुसते उभे राहा ना, प्लीज!’ मी काय म्हणालो? काहीच नाही. उभा राहिलो.

आणि खरं सांगू? बरं झालं. माझी बायको शोभना होती तोवर माझ्या वाटचंही तीच बोलायची. ती गेली, मुलगी-जावई दिवसभर ऑफिसात, घरात मी आणि फ्रिजची घरघर. इथं मात्र दोन दांडगे गडी सगळं जग सोडून माझ्याकडे धावत येतात... इतक्या ओढीनं पाहुणासुद्धा येत नाही हो!

आमची कॅप्टन नेत्रा किती वेळा म्हणाली, ‘काका, दोघं आले की मारणारा तुमचा आणि पास शंतनूचा. ओरडून सांगा त्याला! गोलकीपरनं गप्प राहून कसं चालेल?’ मी काय म्हणालो? काहीच नाही.

मग एक दिवस मुलगी, प्रीता, मॅच बघायला आली. झालं! ‘बाबा, दिस इज क्रेझी! तुम्हाला काही दिसतच नाहीये!’ आणि शंतनू लगेच, ‘बरोबर आहे, ताई. काका, आज शेवटची मॅच खेळा. पुढच्या सीझनला तुम्ही मस्त बाकावर बसा, चहा घ्या, आम्ही बघतो कुणीतरी.’ प्रेमानं काढत होता हो मला! परत आपलं ते घर, तो फ्रिज... मी आपली जाळी तोंडावर ओढली आणि गोलात जाऊन उभा राहिलो.

आणि त्याच मॅचला आले की दोघं! शंतनू वळला, ‘काका, तुम्हाला...’ आणि माझ्या पोटातून कुठून आवाज निघाला कोण जाणे, ‘शंतन्या! हो बाजूला! हा माझा आहे! तू पास धर!’

शंतनू इतका दचकला की घसरतच पलीकडच्या गड्यापाशी गेला, काठी आडवी टाकली, पास बंद! मारणाऱ्यानं मग मारली. आणि अहो, मला चकती दिसली! येताना दिसली! मी आपला सावकाश गुडघ्यावर बसलो, छातीवर आदळली, खाली पडली, मी तिच्यावर पडलो. मग शिट्टी वाजली तरी उठता येईना!

शंतनूनं काखेत हात घालून उभं केलं. डोळे भरलेले. ‘काका, तुम्ही ओरडलात माझ्यावर! अगदी बाबांसारखे!’ काचेपलीकडे प्रीता नाचत होती. मला म्हणाली, ‘बाबा, यू आर स्टेइंग!’

देव भलं करो सगळ्यांचं. राहिलो मी गोलात. पण तुम्हाला सांगतो, पोरगा फार आज्ञाधारक हो! आता दोघं सोडा, समोरून एकटा जरी आला, आणि हा अगदी त्याच्या शेजारी असला, तरी अदबीनं बाजूला होतो, वाट करून देतो आणि म्हणतो, ‘काका, तुमचा!’

आता काय बोलणार? घेतो आपला अंगावर.