मागून हाक

हसा लेको, पण आधी ऐका. लढाई संपली आणि चाळिशीत मला फिटरच्या कामावरून कमी केलं. मग बसऱ्याला दोन वर्षांपुरती नोकरी मिळाली. समुद्रापार जायचं म्हटल्यावर चैन पडेना. रोज ट्रंक भरायची, रोज उपसायची.

निघालेल्याला आपल्याकडं मागून हाक मारत नाहीत. मारलीच, तर त्यानं परतायचं, बसून पाणी प्यायचं, मग निघायचं. अशा हाका मारून मी किती जणांच्या गाड्या चुकवल्या! आता आपलीच चुकवू म्हणून नोकरीचा कागद मुद्दाम घरातल्या भिंतीच्या देवळीत ठेवला आणि रहिमतपूर स्टेशनाची वाट धरली. बायकोला कागद दिसंल, ती हाक मारंल, गाडी जाईल, बोटही जाईल. कान मागंच होते, पण हाक काही येईना.

ओढ्यापाशी पोचलो, तर उसातून वाट काढत बायको पुढ्यात उभी. हातात कागद.

"आवं, मागनं हाक मारायची न्हवती, म्हनून उसातनं आडवी आले," ती धापा टाकत म्हणाली. "धा येळा मागं वळून बघितलंसा, समदं दिसलं मला. ह्यो घ्या कागद, आन् आता म्होरं बघून चाला!"