मायलेकींचा एकच आकडा

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आलेल्या एका शिंपीणबाईंच्या कानांवर बाकावर शेजारी बसलेल्या मायलेकींचं बोलणं पडत होतं.

"आई, रिपोर्टात तुझं ते बायकांचं हार्मोन, इस्ट्रोजेन, माझ्याएवढंच कमी! म्हणजे मी ठणठणीत."

"अगं शहाणे, हा आकडा माझ्या वयाला शोभतो. माझी पाळी वयानं गेली. तुझी विसाव्या वर्षी कशानं गेली?"

"धावण्यानं. बरंच की, शर्यतीत कटकट नाही."

"आणि पायाचं हाड दुखतंय, ते?"

"आई, महिन्यावर शर्यत आलीय!"

"पुढच्या वर्षीही येईल. हाडं मात्र याच वयात घट्ट होतात, तीही याच हार्मोनच्या जोरावर, बाळा. धावतेस घोड्यासारखी, खातेस चिमणीएवढं. डॉक्टरांकडे चल."

लेकीनं बुटाची नाडी सैल केली.

"येते. पण आधी सांग, डब्यात काय आणलंयस?"