गोरखची शिफ्ट

बास्केटबॉल वाळूजच्या कामगारांएवढा कुणालाच कळत नाय, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या कंपनीत डिपार्टमेंटांची तीन मॅचची फायनल होती. पहिली आमच्या असेंब्लीनं जिंकली, दुसरी पेंट शॉपनं. त्यांच्याकडं खुलताबादचा गोरख होता, सव्वासहा फूट. तो बास्केटखाली नुसता उभा राहिला तरी आमची पोरं दिसेनाशी व्हायची.

तिसऱ्या मॅचआधी चार दिवस आमची कँटीनमध्ये खलबतं. बसणाऱ्यांपैकी एकानंही कधी बॉल हातात धरलेला नाय. देशमुख चहाचे ग्लास मांडून म्हणायचा, "झोन लावा, ज्यानं त्यानं आपापली जागा राखायची." मी म्हणायचो, "गोरखवर दोन माणसं घाला." त्या वादात दोन ग्लास फुटले.

शेवटी शिफ्ट लावणारे जाधव साहेब, ते आमच्याच बाजूचे, म्हणाले, "एवढं डोकं कशाला लावता? मॅच संध्याकाळी पाचला हाय. गोरखला सेकंड शिफ्टला टाकतो, दुपारी तीन ते रात्री अकरा."

आम्ही त्यांच्या पाया पडायचंच बाकी होतं.

मॅचच्या दिवशी गोरख कामावर. पण एक सेकंडला गेला की सेकंडचा एक फर्स्टला येतो, हे साहेबही विसरले. आला कोण, तर गोरखचा थोरला भाऊ, तोही पेंट शॉपचाच. गोरखपेक्षा चार बोटं उंच, आणि हा तर पळायचाही.

लई वाईट हरलो. मॅच संपल्यावर तो भाऊ हात जोडून साहेबांपुढं उभा राहिला.

"साहेब, दोन महिने झाले, शिफ्ट बदला म्हणत होतो. कुणी ऐकलं नाय. तुम्हीच तेवढं मनावर घेतलं."